स्वयंपाकघरातून ऐकलेलं भाषण

५ ऑक्टोबर, रविवार

हरले. अकरा विरुद्ध एक. तो एक हात माझा!

डोंबिवलीला चित्रपट मंडळाची बैठक होती. डिसेंबरच्या महोत्सवाचा विषय ठरला — गाजलेल्या जुन्या नाटकांवरून केलेले सिनेमे. पाच दाखवायचे. प्रत्येकानं आपले आवडते पाच लिहून न्यायचे, मग मतदान. मी मंडळात सगळ्यात नवी. वयानंही लहान — मी आणि सौमित्र सोडले तर बाकी सगळे निवृत्त. आठवडाभर यादी करत होते. खालची चार नावं दहा वेळा खोडली. पहिलं नाव एकदाही नाही — ‘चार दिवसांची पाहुणी’.

प्रफुल्ल सर अध्यक्ष. याद्या मोठ्यानं वाचत होते. माझी हातात आली आणि थांबले. चष्मा काढला.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी, सर."

"अगं, आपल्या रंगभूमीवरचं एक थोर भाषण आहे त्या नाटकात. आणि सिनेमावाल्यानं काय केलं? बाई बोलतेय आणि कॅमेरा कशावर — तर पोळ्यांवर! नऊ मिनिटं पोळ्या! लोकांनी काय पोळ्या बघायला यायचं?"

सगळे हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "सोबत भाजी तरी दाखवायची!" पुन्हा हशा.

मी म्हटलं, "त्या पोळ्यांसाठीच मला तो आवडतो."

"नाटक पाहिलंयस?"

"नाही."

"वाचलंयस?"

"...नाही."

"मग बाळ, तू अर्धंच बोलतेयस."

बाळ! तेवीस वर्षांची आहे मी. बी.ए. आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली पहिली आहे. बाळ म्हणे!

६ ऑक्टोबर, सोमवार

काल रागात मुख्य गोष्ट लिहायचीच राहिली.

नाटक साठ वर्षांपूर्वीचं. कुमुद नवऱ्याचं घर सोडून माहेरी येते. चार दिवसांसाठी म्हणून. होतात अकरा महिने. माहेरचे वाईट नाहीत. कोणी टाकून बोलत नाही. फक्त तिला अजून पाहुण्यांच्या कपबशीत चहा देतात — घरच्यांना साधे कप, तिला निळ्या काठाची कपबशी. शेवटी ती सगळ्यांना दिवाणखान्यात बसवते आणि बोलते. तेच ते भाषण. अख्खं नाटक त्या दिवाणखान्यात घडतं. चहा, पाणी, ताटं — सगळं विंगेतून येतं. विंगेत कोण आहे ते प्रेक्षकाला दिसत नाही.

सिनेमा विंगेत शिरतो. स्वयंपाकघरात! नाटकावरचे बरेच सिनेमे बघितलेत मी, जमतील तिथून. कुठं नाटकाची तीन दारं तशीच, कुठं गाणी वाढवलेली, कुठं नुसतीच बाग आणि समुद्र घातलेला, हवापालट म्हणून. मला ते आवडतात जे रंगमंचाला जाता येत नाही तिथं जातात. हा तर एक भिंत ओलांडतो, बाकी काही करत नाही.

एस.वाय.ला असताना बाईंनी वर्गात लावलेला. जुना, रंग उडालेला. शेवटी बाहेर कुमुद बोलायला लागते आणि कॅमेरा स्वयंपाकघरातून हलतच नाही. ओट्यापाशी एक बाई पोळ्या लाटतेय. भाषण भिंतीपलीकडून येतंय. ती लाटतेय, भाजतेय, तूप लावतेय. एकदाच हात थांबतो तिचा. परत लाटते.

शेजारची मुलगी मोबाइल बघत होती. मी रडत होते.

कारण आई. आई ठाण्यात पाचपाखाडीत चार घरी पोळ्या करते. लग्न होऊन खोपटला आली त्या वर्षापासून — सत्तावीस वर्षं. लोकांची भांडणं, लग्नाच्या बैठका, आजारपणं, कुणाच्या मुलाचं अमेरिकेहून न येणं — सगळं तिनं ओट्यापाशी उभं राहून ऐकलंय. तिच्यावर कोणी सिनेमा काढेल असं मला वाटलंच नव्हतं. आणि तो काढून झाला होता! माझ्या जन्माच्या वीस वर्षं आधी!

हे काल बैठकीत सांगता आलं असतं. नाही सांगितलं. लाज वाटली? नाही.

हो. थोडी.

पुढच्या वेळी वाटणार नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

दोन ग्रंथालयं पालथी घातली. नाटकाची प्रत नाही. सौमित्रला फोन केला — तो मंडळाचा चिटणीस. म्हणे, "सरांकडेच आहे की! त्यांनी काम केलेलं त्यात. जा, माग."

"देतील?"

"ओरडतील. मग देतील."

११ ऑक्टोबर, शनिवार

गेले. क्लास सुटल्यावर थेट — डोंबिवलीतच शिकवते, डोंबिवलीतच सर राहतात, निमित्त करायला जागाच नव्हती.

ओरडले नाहीत. पुस्तक आधीच काढून ठेवलेलं! सौमित्रनं सांगितलेलं दिसतंय. पानं पिवळी, कडेला पेन्सिलीच्या खुणा.

म्हणाले, "राज्य स्पर्धेत केलं होतं आम्ही. मी कुमुदचा मोठा भाऊ. ती माझ्यापासून चार हातांवर उभी राहून ते भाषण करायची. पुढं एकूण सतरा प्रयोग झाले. सतराही वेळा मला मान वर करता आली नाही. तिच्याकडे बघायचं असतं आणि बघवत नाही — नाटक म्हणजे हे! त्या सिनेमावाल्यानं मला तिच्याकडे बघूच दिलं नाही."

आतून लाटण्याचा आवाज येत होता. अगदी तसाच. मी विचारलं, "सर, आत कोण आहे?"

"रखमाबाई. पोळ्या करतायत. का गं?"

"त्यांना हे सगळं ऐकू येत असेल."

सरांनी काही म्हणायच्या आत आतून उत्तर आलं, "येतंय की! तुमचे प्रयोग सतराच झाले, मी शंभर वेळा ऐकलंय!"

सर मोठ्यानं हसले. मीपण. मग सर सांगत बसले, रखमाबाईंची मुलगी नर्सिंगला आहे, तिची परीक्षा कधी आहे, तिला कुठला विषय जड जातो. मला वाटलेलं त्यांना नावसुद्धा धड माहीत नसेल. मनातल्या मनात एक खरमरीत वाक्य तयार करून ठेवलेलं. ते वापरता आलं नाही.

निघताना म्हणाले, "डोळ्यांनी वाचू नकोस. मोठ्यानं वाच. उभं राहून."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

घरी मोठ्यानं वाचायला जागा कुठं! एक खोली, आणि खिडकीखाली एसटी डेपोच्या गाड्यांचा आवाज. म्हणून क्लासवर पाऊण तास आधी जाते. रिकामी बाकं, मी, आणि पुस्तक.

पात्रयादीत शेवटी — ‘स्वयंपाकीण’. नाव नाही. अख्ख्या तीन अंकांत दोन वाक्यं. "चहा टाकू का?" आणि "पोळ्या झाल्या." दोन्ही विंगेतून!

ठीक आहे. माझा मुद्दा पक्का झाला. पण आता एक कबूल करायचंय, फक्त इथं. भाषण थोर आहे. सिनेमात भिंतीपलीकडून ऐकलेलं, अर्धं कळलेलं. आज पहिल्यांदा पुरतं माझ्या तोंडून गेलं.

"मी या घरात जन्मले तेव्हा कुणी विचारलं नाही, किती दिवस राहणार. आता रोज विचारता. तोंडानं नाही विचारत, तेवढे तुम्ही चांगले आहात. कपानं विचारता. द्या मला तो टवका उडालेला कप. बशी नको. तो हातात घेऊन मला उभ्यानं चहा पिऊ द्या. उभ्यानं चहा कोण पितं? ज्याचं घर असतं तो!"

वाचता वाचता आवाज चढला. नववीची दोन मुलं दारात येऊन थांबलेली. "मिस, कोणावर चिडलात?"

सर बरोबर होते. म्हणून मी चूक आहे असं नाही!

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी संपली. आईचे हात चकल्या पाडून पाडून सुजलेत. चार घरचं आणि वर शेजारचं.

मी दुपारी दोन पानं लिहून मंडळाच्या ग्रुपवर टाकली. ‘मला हा सिनेमा का हवा’. आईबद्दल लिहिलं. पोळ्या करते, असं सरळ लिहिलं. स्वयंपाकीणबाईंना नाटकात नाव नाही हेही लिहिलं. आणि भाषण थोर आहे हेसुद्धा — खोटं कशाला बोलू.

पाच अंगठे आले. दोन जोडलेले हात. मग एका काकांचं — "लेखन भावपूर्ण. परंतु घरच्या गोष्टी समीक्षेत आणू नयेत."

मी लिहिलं, "काका, तुमची समीक्षाही घरचीच आहे. फक्त दिवाणखान्यातली."

दोन मिनिटांत सौमित्रचा फोन. "अगं ए, डिलीट कर! ते देणगीदार आहेत!"

"खोटं आहे का ते?"

"खरं आहे म्हणून तर डिलीट कर!"

नाही केलं.

२ नोव्हेंबर, रविवार

मिळाला!!

म्हणजे झालं असं — निवडलेल्या पाचांपैकी एका सिनेमाची प्रतच मिळेना. जागा रिकामी. सरांनी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "संचिता, तुझी पाहुणी येईल का?" मी म्हटलं, "येईल. पण चार दिवसांसाठी नाही!" हसले सगळे. ते देणगीदार काकासुद्धा, थोडेसे.

अट आहे. आधी मी पाच मिनिटं बोलायचं. सिनेमा संपल्यावर सर पाच मिनिटं बोलणार — नाटकाच्या बाजूनं. "मी तुला सोडणार नाही हं," म्हणाले. म्हटलं, "मीपण नाही, सर."

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी नऊ.

आईला घेऊन जाणार. बास, ठरलं. तिच्यासाठीच तर भांडले. ती आजवर एकदाही नाट्यगृहात किंवा अशा कुठल्या कार्यक्रमाला गेलेली नाही. सिनेमे बघितले ते टीव्हीवर, तेही तुकड्यातुकड्यानं.

३ नोव्हेंबर, सोमवार

मूर्ख! मी मूर्ख! आणि मंडळातले सगळेच!

आईला सांगितलं. आधी म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?" मग सिनेमात काय आहे ते सांगितलं. पोळ्या करणारी बाई आहे म्हटल्यावर हसली. "तिला काय बघायचं? आरशात बघते की." पण तिला यावंसं वाटतंय हे मला कळलं. कुठली साडी नेसायची ते विचारलं.

मग म्हणाली, "कितीला आहे?"

"रविवारी सकाळी नऊला."

बाबा डेपोतून येऊन आंघोळीला चाललेले. तिथूनच म्हणाले, "नऊला? नऊला तर तिची पहिल्या घरची कणीकपण मळून होत नाही!"

रविवार सकाळ! रविवारी सगळी घरात असतात. एरवी घरटी वीस पोळ्या, रविवारी पस्तीस. आणि डब्यात भरून ठेवलेल्या चालत नाहीत, गरम पाहिजेत, पानावर. चौथं घर उरकतं तेव्हा दीड वाजलेला असतो. हे मला माहीत नाही का? तेवीस वर्षं या घरात राहतेय. आणि तरी मी सर्वांसमोर नाचत नाचत ‘हो’ म्हणून आले! पोळ्या करणाऱ्या बाईचा सिनेमा, आणि वेळ अशी की अख्ख्या ठाण्या-डोंबिवलीतली पोळ्या करणारी एक बाई येऊ शकत नाही!

"सुट्टी घे ना एक दिवस," मी म्हटलं.

"रविवारची? चार घरची? मग सोमवारी दुसरी बाई उभी असेल माझ्या जागी." रागानं नाही म्हणाली. भाजी चिरत म्हणाली. "जाऊ दे. तू बघून ये आणि मला सांग."

नाही. या वेळी सांगणार नाही. दाखवणार आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

सरांकडे फोनवर वेळ बदलून मागितली. दुपारी तीनची. नाही म्हणाले. तीनला त्यांचा लाडका संगीत नाटकाचा सिनेमा आहे. पत्रकं छापायला गेली. आणि "सकाळच्या वेळेला काय झालं? ताज्या डोक्यानं लोक येतात."

"सर, कुठले लोक?"

"म्हणजे?"

"सकाळी नऊला ज्यांना कोणीतरी पोळ्या करून देतं ते लोक."

"तू फार धारदार झालीयस," म्हणाले आणि फोन ठेवला.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "भांड. पण नीट भांड. गाडी सुरू होत नाही म्हणून काच फोडायची नसते." डेपोत फिटर आहेत, सगळ्या उपमा तिथल्याच. पण बरोबर आहे. मी काच फोडली का?

१० नोव्हेंबर, सोमवार

सरांना मेसेज केला — बोलण्याच्या सुराबद्दल माफी. मुद्द्याबद्दल नाही.

निळ्या दोन खुणा आल्या. उत्तर नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

काहीच नाही. सौमित्र म्हणतो, आई आली नाही तरी सिनेमा तर दाखवतेयस ना, तेवढं बघ. त्याला कसं सांगू? रिकाम्या खुर्चीला दाखवायचा का? देणगीदारांना स्वयंपाकघर दाखवून काय करू, ज्यांचं आहे त्यांनी बघितलं नाही तर?

ठरवलंय. वेळ बदलली नाही तर मी बोलणार नाही. सरांना तसं लिहून कळवलं. सौमित्रचा परत फोन — "अगं, मोठी संधी आहे तुझी!" असेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सरांचा फोन! क्लास चालू होता, बाहेर जाऊन घेतला.

"संचिता, तीन वाजता घे."

पुढं तेच बोलत राहिले. "रखमाबाईंना विचारलं मी. म्हटलं, रविवारी सकाळी येता का सिनेमाला, तुमचाच आहे. तर म्हणाल्या, येते की, पण मग तुमच्या पोळ्या कोण करणार?" मग म्हणाले, "संगीताचा सकाळी लावू. सकाळचे राग आहेत त्यात, चालून जाईल."

"सर, थँक्यू."

"थँक्यू म्हणू नकोस. भाषणाच्या बाबतीत मी तुला सोडणार नाहीच आहे."

वर्गात परत आले तर मुलं म्हणाली, मिस, लॉटरी लागली का?

३० नोव्हेंबर, रविवार

आईनं तिच्यासारख्याच पोळ्या करणाऱ्या दोघींना विचारलं. त्याही येणार. एकीनं विचारलं, "शेवट गोड आहे ना? नाहीतर घरी आहेच की सगळं."

१४ डिसेंबर, रविवार

सगळं लिहायचंय, क्रमानं.

आई पावणेदोनला घरी आली, पीठ अजून कोपरापर्यंत. हात धुतले, मोरपंखी साडी नेसली, वेणी घातली, दहा मिनिटांत तयार! बाबांची ड्युटी होती, तेही सुटून परस्पर हॉलवर आले, खाकीतच.

हॉल भरलेला. आई, तिच्या दोघी आणि रखमाबाई शेवटच्या रांगेत भिंतीला लागून बसलेल्या. कुणी बसवलं नव्हतं, आपल्याआपणच. मी गेले. "आई, उठ. दुसऱ्या रांगेत चला."

"इथं बरं आहे गं. लोकं—"

"उठा चौघी."

उठल्या. एका बाईंनी बाजूच्या खुर्चीवर पर्स ठेवलेली, ती उचलावी लागली त्यांना. उचलली.

मग मी माईकवर. कागद हातात होता, बघितला नाही. म्हटलं, "नाटकात हे घर तुम्हाला समोरून दिसतं. मी त्या घरात कायम मागच्या दारानं गेले — लहानपणी, आईबरोबर, सुट्टीच्या दिवशी. मला ओट्याखाली बसवून ठेवायची. म्हणून दिवाणखाना मला फक्त ऐकून माहीत आहे. हा सिनेमा बघितला तेव्हा कळलं की मी बसायचे त्या जागेवरूनही गोष्ट सांगता येते. कोणी म्हणतं, दिग्दर्शकानं भाषण मारलं. मी म्हणते, त्यानं पहिल्यांदा सांगितलं की ते भाषण आणखी एक जण ऐकत होती. तिचं नाव नाटकात नाही. सिनेमातही नाही. पण चेहरा आहे. आज तो नऊ मिनिटं बघा. कंटाळा आला तर मनात म्हणा — ती सत्तावीस वर्षं उभी आहे." टाळ्या झाल्या. बोलताना मी आईकडे बघितलं नव्हतं.

शेवटचा प्रसंग आला. लाटणं, तवा, आणि भिंतीपलीकडून कुमुद. कुठंतरी एक बाई नाक ओढत होत्या — पर्सवाल्या!

मग सर उठले. म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही. हे भाषण समोरून ऐकायचं भाषण आहे. ते भिंतीआड टाकणं हा नाटकावर अन्याय आहे. पण आज मी ते ऐकताना एक नवीन गोष्ट केली. सतरा प्रयोगांत मी खाली बघायचो. आज वर बघत होतो." आणि बसले. मला सोडणार नाही म्हणाले होते!

नंतर चर्चा. कोणी रंगमंच आणि अवकाश वगैरे बोललं. सौमित्रनं माईक रखमाबाईंकडे नेला. त्या म्हणाल्या, "कणीक सैल होती तिची." सगळा हॉल हसला. आईची मैत्रीण म्हणाली, "आणि नऊ मिनिटांत सहाच? अशीला कोण ठेवेल!" आणखी हसले. पण पाच ऑक्टोबरच्या त्या बैठकीत हसलेले तसे नाही. वेगळं होतं. या वेळी हसवत होत्या त्या, आणि हसत होते ते.

देणगीदार काका येऊन म्हणाले, "दिवाणखान्यातून अभिनंदन." मी नमस्कार केला. मनापासून.

माईक आईसमोर आला तेव्हा तिनं नुसती मान हलवली. घरी येताना विचारलं, "आवडला?" म्हणाली, "छान होता. तू छान बोललीस." बाबा म्हणाले, "गाडी सुरू झाली!"

झाली. जिंकले मी! नाटक न पाहिलेली, मागच्या दारानं गेलेली मी!

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी आई कामाला निघालेली. चपला घातल्या आणि दारात थांबली.

"एक विचारू? तिचं तोंड का नाही दाखवलं गं? ती बोलत होती तिचं?"

मी समजावायला लागले — भिंत, कॅमेरा, ऐकणारीची बाजू.

"ते कळलं मला. तू सांगितलंस ना काल. पण संचू, भिंतीच्या अलीकडून तर मी जन्मभर ऐकतेय. काल पहिल्यांदा खुर्चीत बसले होते. पुढून दुसऱ्या रांगेत. तिथंपण मला ओट्यापाशीच उभं केलं."

आईनं चपला काढल्या. पलंगाच्या कडेला बसली, साडी सारखी केली. "सात नंबरवाल्यांच्या पोळ्यांना आज उशीर होईल. होऊ दे. तुला येतं ना तिचं ते भाषण? बोल. खाली बघून नको. माझ्याकडे बघून बोल."

मी उभी राहिले.